सीटवर मिठाच्या पिशव्या कोणी ठेवल्या

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर गिचमिड, आणि शुद्धलेखनाशी माझी कधी ओळख झाली नाही. पेणमध्ये आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. त्याचे संपादक दर वर्षी माझ्या दुकानावरून जाताना म्हणायचे, काका, तुमच्या धंद्यावर काहीतरी लिहा. मी म्हणायचो, माझा धंदा म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत आडवं पडून सीटखाली कान लावायचा, त्यावर काय डोंबल लिहू. यंदा मीच त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, चार पानं माझ्यासाठी ठेवा.

कारण सांगतो. माझी बायको द्वारका गेल्या मार्गशीर्षात गेली. तिच्याबद्दल एक गोष्ट मी चारचौघांत खोटी बोललो होतो. ती मला नीट करायची आहे. पण आधी धंदा सांगावा लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून म्हातारा उगाच रडतोय.

मी सीटवाला. रोह्याला स्टेशनजवळ एका मुसलमान उस्तादाकडे शिकलो. धाटावच्या कंपन्यांच्या बस असायच्या, शिफ्टच्या माणसांना ने-आण करणाऱ्या, त्यांच्या सीटा शिवायच्या, फोम भरायचा. पुढे पेणला वडखळकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. सगळ्यांना वाटतं सीटवाला म्हणजे कव्हर शिवणारा. कव्हर कोणीही शिवतो. माझं नाव झालं ते आवाजामुळे. गाडीच्या सीटमधनं कुई कुई आवाज येतो ना, तो काढून देणारा माणूस पेण-रोह्यात मी एकटा होतो, असं मीच नाही, दुसरे गॅरेजवालेही सांगतील.

तो आवाज येतो कुठून? सीट दोन रेलवर बसलेली असते. तिच्या पोटात लोखंडी सांगाडा असतो आणि त्या सांगाड्याला सांधे असतात, आपल्या गुडघ्यासारखे. जिथे लोखंडाच्या भोकात लोखंडी पिन फिरते, तिथे मधे एक छोटी बांगडी बसवलेली असते, नायलॉनची नाहीतर पितळेची. तिला बुश म्हणतात. करंगळीत जाईल एवढी. लोखंडाने लोखंड घासू नये एवढंच तिचं काम. माणूस वर्षानुवर्षं एकाच बाजूने चढतो-उतरतो, मग बुश एका अंगाने झिजते, गोल होती ती अंड्यासारखी होते. पिन आत डुगडुगायला लागते आणि आवाज सुरू.

लोक काय करतात? तेल मारतात. आठ दिवस आवाज बंद, नवव्या दिवशी तेलावर धूळ बसते आणि आधीपेक्षा मोठ्याने ओरडायला लागतं. बुश बदलायलाच लागते. सीट काढायची. हल्लीच्या गाड्यांत आधी बॅटरीची तार सोडायची, थोडा वेळ थांबायचं, मगच सीटखालच्या पिवळ्या सॉकेटला हात लावायचा, कारण तो एअरबॅगचा असतो आणि तो फुटला तर तुमचं थोबाड जातं. जुनी बुश ठोकून बाहेर काढायची, भोक तारेच्या ब्रशने घासायचं, पिन बघायची. पिन झिजली असेल तर नुसती बुश बदलून उपयोग नाही. नवी बुश व्हाइसच्या जबड्यात धरून हळू दाबून बसवायची, बोटभर ग्रीस, आणि बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचे. एवढंच. अर्ध्या दिवसाचं काम.

अवघड काम ते नाही. एका सीटला सात-आठ सांधे असतात, त्यातला ओरडतो कुठला ते कळायला पाहिजे. आणि सीट रिकामी असताना आवाज करत नाही. माणूस बसून हलला तरच करते. म्हणजे एक वर बसणारा पाहिजे, एक खाली ऐकणारा. मी खाली. वर द्वारका.

ती दुपारचा डबा घेऊन यायची. एकदा मी एकटाच गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर असा पडलो होतो आणि एका हाताने सीट ढकलून ऐकत होतो. जमत नव्हतं, तोंडातून शिव्या चालल्या होत्या. तिने डबा ठेवला, पदर खोचला आणि सरळ सीटवर जाऊन बसली. म्हणाली, "कुठं हलू ते सांगा." तेव्हापासून तेच. डबा आला की जेवणाआधी ती बसायची. पुढे पुढे तर मी ऐकायच्या आधी तीच सांगायची, मागचा डावा. म्हणायची, आवाज कानाला नंतर येतो, बुडाला आधी कळतो. हे गिऱ्हाइकासमोर नको बोलू, असं मी सांगायचो. ती गिऱ्हाइकासमोरच बोलायची.

आमच्या पेणला गणपतीचे कारखाने. एका कारखानदाराची गाडी आली. त्याची तक्रार अशी की शेजारच्या सीटवर मूर्ती ठेवून पट्टा लावून नेतो तेव्हा आवाज नाही, आणि बायको बसली की कुई कुई. त्याला वाटत होतं यात काहीतरी दैवी आहे. द्वारका बसली, हलली, उतरली आणि त्याला म्हणाली, "देव गप बसतात ओ दादा, माणूस चुळबूळ करतो. पुढची बुश गेलीय." बुश तर गेलीच होती, रेलमध्ये पांढरी माती एवढी भरलेली की तेवढ्यात उंदरावर बसलेला एक छोटा गणपती झाला असता.

पेणच्या कोर्टातला एक वकील तर तीन गॅरेज फिरून आला होता. तिन्ही ठिकाणी सीट खोलून झाली होती. द्वारका बसली, आवाज नाही. मी बसलो, नाही. वकील बसला की करकर. मी पाना घेऊन खाली शिरणार तेवढ्यात तिने मला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं. बाईमाणसाने वकिलाला हे कसं सांगायचं, म्हणून मी सांगितलं, साहेब, कमरेचा पट्टा काढा. वकील लाल झाला. पट्टा काढून बसला. आवाज बंद. चामडं चामड्यावर घासत होतं. तो पुढे कितीतरी वर्षं कोर्टात जाताना गाडी थांबवून तिला नमस्कार करायचा. मला नाही, तिला.

आता मिठाकडे येतो.

द्वारका खाडीकडची. तिचा बाप, भाऊ सगळे मिठागरावर. दर उन्हाळ्यात माहेरून मिठाच्या पिशव्या यायच्या, घरात जागा नाही म्हणून दुकानाच्या मागच्या बाजूला ठेवायचो. ती अंगाने बारीक होती. काही गाड्या अशा यायच्या की मालक शंभर किलोचा, आवाज त्याच्याच वजनाला यायचा, द्वारका बसली की सीट गप्प. मला युक्ती सुचली. मिठाची एक पिशवी तिच्या मांडीवर, एक बाजूला. झालं वजन. एकदम बरोबर चाललं.

ती पहिल्या दिवसापासून नको म्हणत होती. म्हणाली, "रेती भरा, तांदूळ घ्या, पण मीठ नका ठेवू. आमच्याकडं मीठ ओढायचं दंताळं लाकडाचं असतं, ते हौस म्हणून नाय. लोखंड टिकत नाय मिठाजवळ." मी म्हटलं, तुझा बाप मिठागरावर, मी सीटवाला, मला शिकवू नको. उन्हाळ्यात मीठ कोरडं असतं, काही झालं नाही, आणि मी तिला ते दर वेळी दाखवून दिलं. बघ, काय झालं का?

मग आषाढात रोह्याच्या प्रकाशची गाडी आली. प्रकाश स्वतःची गाडी चालवायचा, धाटावच्या कंपनीतल्या साहेबांना न्यायचा-आणायचा. चांगला पोरगा, मला काका म्हणायचा, तिला काकू. ड्रायव्हरच्या सीटचा आवाज होता आणि प्रकाश भरलेला गडी. द्वारका पिशव्या घेऊन बसली, बुश सापडली. तसली बुश माझ्याकडे नव्हती, पनवेलहून यायची होती, दोन दिवस लागणार होते. ती पिशव्या उचलायला लागली. मी म्हटलं, राहू दे गो, बुश आली की लगेच बसून बघू, कशाला दोनदा उचलायच्या. ती म्हणाली, "हवा ओली हाय. मिठाला पाणी सुटंल." मी म्हटलं, राहू दे म्हटलं ना.

दोन दिवसांनी पिशव्या उचलल्या तेव्हा सीट ओली होती. हे मी पाहिलं. हाताने दाबून पाहिलं, बोट चाटून पाहिलं, खारट. फोम काढून धुवायला पाहिजे होता, रेल गोड्या पाण्याने धुऊन वाळवून ग्रीस करायला पाहिजे होती. ते एक दिवसाचं काम होतं, प्रकाश बाहेर उभा होता, आणि द्वारकेचं बरोबर होतं हे कबूल करावं लागलं असतं. मी वरून पुसलं, बुश बसवली, नवं कव्हर चढवलं. आवाज बंद. प्रकाश खूश होऊन गेला.

दिवाळीच्या आधी प्रकाशने वडखळच्या नाक्यावर ब्रेक मारला आणि पायाच्या रेट्याने सीट त्याला घेऊन मागे गेली. सीट पुढे-मागे केल्यावर ती जागेवर धरून ठेवायला रेलच्या दातांत एक पट्टी अडकते. तिची स्प्रिंग गंजून अडकली होती, पट्टी अर्धीच बसत होती. त्याचा पाय ब्रेकवरून सुटला, गाडी पुढच्या ट्रकला लागली. जोरात नाही, पण सुटी सीट तशीच पुढे सरकली, गुडघा स्टिअरिंगखाली आपटला, तो महिनाभर लंगडत होता. मागे साहेब बसले होते, त्यांना काही झालं नाही. पण साहेबांनी दुसरी गाडी लावली.

तो दुकानात आला तेव्हा भर दुपार होती. बरोबर धाटावचे दोन ड्रायव्हर. दुकानात माझी दोन गिऱ्हाइकं, शेजारचा पंक्चरवाला, चहावाला. प्रकाशने सीट उलटी करून दाखवली. रेलवर पांढरी पापडी धरली होती, खाली तांबडा गंज. म्हणाला, "काका, हे मीठ हाय. माझ्या सीटखाली मीठ आलं कुठनं?"

द्वारका डबा घेऊन नुकतीच आली होती. दारात उभी होती.

मी म्हटलं, "हिला सांगितलं होतं पिशव्या उचल म्हणून. ऐकलं नाय. बाईमाणसाला धंद्यात घेतलं की असंच होतं."

हे असं, याच शब्दांत म्हटलं. विसरलेलो नाही.

प्रकाशने तिच्याकडे पाहिलं, ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "लागलं का रे फार?" एवढंच. डबा बाकावर ठेवला आणि घरी गेली. मी प्रकाशची रेल नवी बसवून दिली, फोम नवा घातला. त्याने माझ्यावर राग धरला नाही. त्याला वाटलं काकूच्या हातून चूक झाली.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. घरी गेलो तर ताट वाढून ठेवलं होतं. म्हणाली, आता घरीच येत जा जेवायला, गरम मिळंल. त्यानंतर ती दुकानात आली नाही. आठ वर्षं. घरात तशीच वागत होती, हसायची, बोलायची, माझे पाय दुखले की तेल लावून द्यायची. भांडली असती तर मी चार शब्द बोललो असतो आणि त्यात खरं निघूनही गेलं असतं. ती भांडली नाही. मीही विषय काढला नाही. एकदा एक अवघड गाडी आली होती, तीन दिवस आवाज सापडत नव्हता, तेव्हा घरी म्हटलं, चल जरा, बसून बघ. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला काय कळतं सीटामधलं." वर बघितलंही नाही.

आणि मी काय केलं सांगतो. प्रकाशने ही गोष्ट रोह्यात सांगितली, धाटावला सांगितली. ड्रायव्हर लोकांना मस्करीला विषयच लागतो. गाडी घेऊन आले की दारातून विचारायचे, "काकू नाय ना आत? नायतर सीटात भाजी शिजायची." मी हसायचो. आठ वर्षं हसलो. शेवटी शेवटी तर कोणी विचारायच्या आधी मीच म्हणायचो, या, मीठ नाय टाकलंय.

तिचा आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात एकवीस दिवस होती. रोज तिच्या खाटेजवळ बसताना मनात यायचं की सांगून टाकावं. पण शेजारी दुसरे पेशंट, त्यांची माणसं. लोकांसमोर कसं बोलायचं? खोटं बोलताना लोक चालले होते, खरं बोलताना लोक नको होते. म्हटलं घरी आली की बोलू. ती घरी आली नाही.

त्यानंतर दुकान उघडायचं मन होईना. आठवड्यातून दोनदा उघडायचो, बसायचो, बंद करायचो.

या गणपतीच्या आधी प्रकाश आला. गाडी तीच, आता जुनी झालेली. तो गाडी मेव्हण्याला देणार होता आणि देण्याआधी शेजारच्या सीटचा आवाज काढून हवा होता. आधी काकूबद्दल बोलला. म्हणाला, कळलं तेव्हा मी गुजरातला होतो, यायला जमलं नाय. मी म्हटलं, बस सीटवर.

तो वर बसला, मी खाली आडवा झालो. गुडघे वाकत नाहीत आता, अर्धा तास लागला. मागचा डावा सांधा. सीट काढली, बुश बाहेर ठोकली. अंड्यासारखी झालेली. नवी घातली. हात चालत होते पण डोकं दुसरीकडेच होतं. सीट परत बसवताना शेजारची ड्रायव्हरची रेल दिसली, नऊएक वर्षांमागे मीच बसवलेली. गाडीच्या तळाच्या पत्र्यावर मात्र जुन्या गंजाचे खड्डे तसेच होते. नवी रेल मी बसवून दिली होती, पण मीठ जिथे पोचलं होतं तिथे माझा हात पोचला नव्हता.

बोल्ट आवळून झाले. मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं, "प्रकाश, त्या पिशव्या मी ठेवायला लावल्या होत्या. ती उचलत होती, मी नको म्हटलं. सीट ओली झालेली मी बघितली आणि वरनं कव्हर चढवलं. तुझा गुडघा माझ्यामुळे फुटला."

त्याने गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "काकूनं त्या दिवशी मलाच विचारलं, लागलं का म्हणून."

"व्हय."

"आणि मी रोह्यापास्नं कंपनीच्या गेटापर्यंत सांगत फिरलो."

मी म्हटलं, माझी चूक आहे, तुझी नाही. मला माफ कर.

तेव्हा तो चिडला. गुडघ्यासाठी नाही. म्हणाला, "मला एकट्याला दुकानात गुपचूप सांगून काय होणार काका? तेव्हा दुकान भरलेलं होतं. त्या दिवशी जेवढी माणसं होती ती आणा ना आता. मी ज्यांना सांगितलं त्यातली निम्मी माणसं मला सापडणार पण नायत."

गाडीत बसला, सीटवर दोनदा हलून पाहिलं. आवाज नव्हता. मग गाडी घेऊन गेला. काम चांगलं झालं होतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदा झालं.

चार दिवस त्याच्या बोलण्याचा विचार केला. चहावाला वारला. पंक्चरवाला गावी गेला. ती दोन गिऱ्हाइकं कोण होती मला आठवत नाही. मग दिवाळी अंक आठवला. हा अंक पेणमध्ये घरोघर जातो, रोह्यालाही जातो. दुकानात जेवढी माणसं होती त्यापेक्षा जास्त वाचतील.

म्हणून लिहितो. सीटवर मिठाच्या पिशव्या मी ठेवल्या. द्वारका नको म्हणाली होती, पहिल्या दिवसापासून. तिला लोखंड आणि मीठ दोन्ही माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. या दुकानातले निम्मे आवाज तिने शोधलेले आहेत आणि नाव माझं झालं. तिने कोणाची सीट खराब केली नाही.

हे लिहून झाल्यावर प्रकाशला फोन केला. तो म्हणाला, अंक हातात आला की धाटावला गेटासमोरच्या टपरीवर, शिफ्ट सुटायच्या वेळेला, हे पान मोठ्याने वाचून दाखवतो. तिथे जुने ड्रायव्हर अजून उभे असतात.

मी म्हटलं, तू नको वाचू. मला न्यायला ये. चौथीपर्यंतच शिकलोय, अडखळेन, पण मीच वाचेन.